बारा नंबरची पाटी

“मी बारा नंबर.”

एवढं बोलून त्यांनी आपल्या लॉकरच्या पत्र्यावर रंगवलेल्या आकड्यावर दोन बोटं टकटक वाजवली आणि माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या लॉकरकडे पाहिलं आणि म्हणाले, “नऊ.”

“नऊ नंबर ताई, आधी टोस्ट खाऊन घ्या. ती जर्मन पोरं उठली की पाव उरत नाही.”

सिंगापूरमध्ये समोरासमोर ऐकलेलं हे माझं पहिलं मराठी. मी नुकतीच फोनवर आईला “पोचले गं” म्हणाले होते, ते त्यांच्या कानावर पडलं असावं. मी तेव्हा पंचविशीतली, ते पन्नाशीकडे झुकलेले. तरी पहिल्या दिवसापासून ते मला ताई आणि अहोजाहो करत. मी त्यांना काका म्हणू लागले.

परदेशात मराठी माणूस भेटला की पुढे काय होतं ते तुम्हालाही पाठ असेल. कुठले तुम्ही? पुण्यात कुठे? आणि मग अगदी सहज, चहात साखर किती असं विचारावं तसं, “आडनाव काय म्हणालात?” आपण काहीच म्हणालेलो नसतो. उत्तर दिलं की समोरच्या डोळ्यांत क्षणभर एक बेरीज होते आणि मग माणूस एक तर सैलावतो, नाहीतर घड्याळ बघतो. काकांनी यातलं काही विचारलं नाही. दोन-चार दिवसांनी मला राहवेना, मीच म्हणाले, “काका, तुम्ही आडनाव नाही विचारलंत?”

“आडनाव विचारू नये,” ते म्हणाले, “आणि विचारलं तर लपवू नये.” मग टोस्टवर जॅम फासत बसले.

त्यांनी विचारलं नाही, म्हणून मीही विचारलं नाही. पुढचा सगळा घोटाळा इथून सुरू झाला.

हॉस्टेल तांजोंग पगार नावाच्या भागात होतं, जुन्या शॉपहाउसच्या, म्हणजे खाली दुकान वर घर अशा इमारतीच्या, तीन मजल्यांत. खाली काउंटर, लॉकरची रांग आणि मोरीएवढं स्वयंपाकघर. वर दुमजली पलंगांच्या खोल्या, बायकांची वेगळी. पलंगाचा जो नंबर तोच लॉकरचा आणि तोच माणसाचा. स्वस्त आणि अगदी गावाच्या मधोमध, ही त्याची ख्याती. माझं ऑफिस तिथून चालत जाण्याच्या अंतरावर होतं. नोकरीला लागल्यावर खोली मिळेपर्यंत पंधरा दिवस काढू म्हणून मी आले आणि महिनेच्या महिने राहिले. पाठीवर बोचकी घेऊन जग फिरणारी गोरी मुलं दोन रात्री झोपून पुढे जायची. कायमचे असे आम्ही दोघंच, नऊ आणि बारा.

काका इंजिनियर होते, एमआरटीच्या, म्हणजे तिथल्या मेट्रोच्या बोगद्यांच्या कामावर. कपाळावर हेल्मेटचा वळ कायमचा उमटलेला. त्यांचं मराठी इतकं स्वच्छ होतं की ऐकताना आपलीच वाक्यं चुरगळलेली वाटावीत. मी मूळची औरंगाबादची. काका सदाशिव पेठेतले असणार, नसले तर गेला बाजार नारायण पेठेतले, असं मी मनाशी ठरवून टाकलं. माझा अंदाज सहसा चुकत नाही असा तेव्हा माझा समज होता.

हॉस्टेल चालवायची एक चिनी आजी. तिला सगळे आंटी म्हणत. साठीची, चणीने बारीक, आवाजाने मोठी. नियम सगळे तिच्या तोंडात असायचे आणि ‘कॅन’ आणि ‘कॅनॉट’ या दोन शब्दांत मावायचे, शेपटाला तिथल्या सवयीचं एखादं ‘लाह’ नाहीतर ‘आह’. मी आले त्याच आठवड्यात काकांनी वरणाला फोडणी दिली. आंटीची एक विजेची शेगडी होती, तिच्यावर कढलं ठेवून तेलात मोहरी आणि चांगला चिमूटभर हिंग टाकला. वासाने मला औरंगाबादला पोचवलं. आंटी मात्र जिन्यावरून ओरडत आली, “गॅस लीक! गॅस लीक! एव्हरीबडी आउट!” पाच मिनिटांत अख्खं हॉस्टेल फुटपाथवर. त्यात एक गोरा मुलगा नुसता टॉवेल गुंडाळून उभा, अंगाला साबण तसाच. काकांनी आंटीला हिंगाची डबी दाखवली. तिने ती नाकाशी नेली आणि हात लांब करून परत दिली.

“धिस वन फूड आह?” तिला खरंच दुःख झालेलं दिसलं. “स्मेल कुकिंग कॅनॉट लाह. नो स्मेल, कॅन.”

त्या दिवसापासून काका राइस कुकरमध्ये वरण-भात शिजवू लागले. बिनफोडणीचा, मीठ, हळद, संपलं. कामावरून आले की आंघोळ करायचे, कुकर लावायचे आणि जिन्याखालून हाक मारायचे, “नऊ नंबर ताई, वाढलंय.” सोबत दही, कधी काकडी. मी आईने दिलेली शेंगदाण्याची चटणी बाहेर काढायची. परमुलखात माणसाला हाक मारून जेवायला बोलावणारं कोणी असणं ही काय चीज आहे, ते तुमच्यातल्या घराबाहेर राहिलेल्यांना सांगायला नको. मला त्या वरण-भाताचा लळा लागला होता.

फक्त एक अडचण होती. माझ्या बॅगेच्या तळाशी आईने दिलेली आणखी एक चटणी होती, सुकटीची. तीन पिशव्यांत बांधलेली. ती मी काकांसमोर कधी काढली नाही. एवढा सोवळा माणूस, आपल्या ताटाशेजारी सुकट पाहून त्याचा घास अडकायचा! शिवाय तो आपल्याला काय समजेल, हेही होतंच. माझं आडनाव ‘कर’ने संपणारं. गावावरून पडलेलं हे आडनाव फार सोयीचं असतं, लोक ते ऐकून आपापल्या मनाप्रमाणे समजूत करून घेतात आणि पुढे विचारत नाहीत. वडिलांचं नाव मी नुसतं ‘बी.’ असं लिहायचे. तेव्हा मी तोंडात मूग धरले आणि वरण-भात खात राहिले. अगदीच राहवेनासं झालं तर रविवारी दूर कुठेतरी हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या मंडईत जायचं आणि मासे खाऊन यायचं. हॉस्टेलजवळच्या हॉकर सेंटरमध्ये नाही, तिथे काका दिसले तर?

ते देवभोळेही असावेत अशी माझी खात्री होती. कारण दर रविवारी आंघोळ झाली की ते लॉकर उघडायचे, पांढऱ्या टॉवेलात गुंडाळलेली एक जड वस्तू काढायचे आणि बाकावर पाठमोरे बसून लिंबाच्या फोडीने ती घासायचे. कोरड्या फडक्याने पुसायचे, पुन्हा गुंडाळून ठेवायचे. पितळेची वस्तू, एवढं मला दिसायचं. घरचे देव असणार. मी आपली आदराने जिन्यावरच थांबायची.

ते झालं की घर पाहायला निघायचे. घर पाहावं बांधून म्हणतात, पण सिंगापुरात भाड्याचं पाहणंही काही सोपं नव्हतं. काकांना ते लवकर हवं होतं. बायको आणि अकरा वर्षांची मुलगी पुण्यात होत्या. नोकरीची सगळी वर्षं काकांनी साइटवरच्या पत्र्याच्या खोल्यांत, गेस्ट हाउसात आणि असल्या हॉस्टेलांत काढली होती. मुलगी झाल्यापासून सलग दोन महिनेसुद्धा तिच्याबरोबर राहिले नव्हते. हा प्रकल्प लांब मुदतीचा होता. मुलीला त्यांनी फोनवर कबूल केलं होतं की या वेळी तू येशील ती घरात येशील. शाळेचं ठरत आलं होतं, तिकिटं निघाली होती आणि घर मात्र मिळत नव्हतं. रविवारी संध्याकाळी ते परत यायचे, बूट काढायचे आणि म्हणायचे, “हेही नाही.” का नाही ते सांगायचे नाहीत.

मला त्यांची कळकळ वाटायची. म्हणून मराठी लोकांच्या एका कार्यक्रमात एका बाईंनी घराचा विषय काढला तेव्हा मी कान टवकारले. त्यांचा ईस्ट कोस्टला कॉन्डो होता, नवऱ्याची बदली झाल्यामुळे दोन वर्षं रिकामा राहणार होता. भाड्याची त्यांना हाव नव्हती, माणसं चांगली हवी होती.

“आपल्यातलीच असली तर बरं,” त्या म्हणाल्या. “देवघर आहे हो आमचं. मांसमच्छी नको घरात, एवढंच.”

“माझ्या माहितीत आहेत ना!” मी म्हणाले. “हॉस्टेलमध्ये राहतात. शुद्ध शाकाहारी. रोज वरण-भात.”

पुढचं भराभर जमलं. काका घर पाहून आले. त्यांच्या बोलण्यावर बाई खूश झाल्या. माझ्यावर विश्वास टाकून त्यांनी काही विचारलं नाही आणि शाकाहाराची अट आपण मुद्दाम कशाला सांगायची म्हणून मीही काकांना ती सांगितली नाही. माशाला कोणी पोहायची अट घालतं का! काका त्या दिवशी गाणं गुणगुणत होते. स्वयंपाकघर मोठं आहे, खिडकीतून समुद्र दिसतो, असं सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, “आणि दार चांगलं आहे हो. जाड लाकूड आहे.”

समुद्र सोडून दाराचं कौतुक मी पहिल्यांदाच ऐकत होते.

पुढच्या रविवारी मी सायकल चालवायला जाते म्हणून सांगून ईस्ट कोस्टला गेले. काका पडद्यांची मापं घ्यायला म्हणून सकाळीच गेले होते, दुपारपर्यंत परतलेले असतील असा माझा हिशेब होता. दुपार झाली, भूक लागली. समुद्राकाठच्या हॉकर सेंटरमध्ये जाऊन मी तिखटात भाजलेला अख्खा मासा घेतला आणि ताट दोन्ही हातांत धरून जागा शोधत निघाले. एका कोपऱ्यातल्या टेबलाशी एक गृहस्थ माझ्याकडे पाठ करून बसले होते. पुढ्यात मटणाच्या सुपाचा वाडगा. दोन्ही हातांत नळी धरून ते ती अशी काही चोखत होते की आजूबाजूचं त्यांना भान नव्हतं. नळी ताटात आपटायची, पुन्हा चोखायची. जातिवंत खवय्या आहे, असं मनाशी म्हणत मी पुढे झाले आणि त्यांनी मान वळवली.

बारा नंबर.

त्यांनी माझ्या ताटाकडे पाहिलं. मी त्यांच्या हातातल्या नळीकडे पाहिलं. रस्सा त्यांच्या कोपरापर्यंत ओघळला होता.

“बसा,” ते हळूच म्हणाले.

मी बसले. चोरी पकडली गेल्यासारखी दोघांनीही आपापली ताटं जवळ ओढली. मग मी धीर करून म्हणाले, “काका, तुम्ही शाकाहारी ना?”

“मी? तुम्ही शाकाहारी ना?”

“मी कुठे? तुम्हाला चालणार नाही म्हणून मी...”

त्यांनी नळी खाली ठेवली. माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. आणि मग त्यांचं ते पेठेतलं मराठी गळून पडलं.

“अवो ताई! मले वाटलं तुमाले चालत नाई. इतके महिने मी वरण-भात खाऊन राहिलो ना तुमच्यापायी! मी अकोल्याचा माणूस हाय बाप्पा!”

मला हसू आवरेना. हसता हसता मी म्हणाले, “काका, माझ्या नावातला बी म्हणजे भीमराव. माझे वडील.”

ते बरबटलेले हात तसेच जोडून म्हणाले, “जय भीम, ताई.”

“जय भीम, काका.”

सिंगापूरला येऊन इतके महिने झाले होते, हे दोन शब्द मी मोठ्याने पहिल्यांदाच उच्चारले. एवढंसं बोलायला आम्हाला समुद्रकाठ आणि बकऱ्याची नळी लागली!

मग काय, सगळंच बाहेर पडलं. घरं का मिळत नव्हती तेही कळलं. एजंट विचारायचा, स्वयंपाक करणार का? काका सांगायचे, करणार, रोज करणार, मटण करणार, मासे करणार आणि सुकटही करणार. हात दाखवून अवलक्षण! मी म्हणाले, “अहो, थोडंफार म्हणायचं.” ते म्हणाले, “विचारलं ना त्यानं? मंग?” काही घरमालक तर भारतीय म्हटल्यावर फोनच ठेवायचे. काकांना त्याचंही फार वाईट वाटत नव्हतं. “आयुष्यात पयल्यांदा कोणीतरी सगळ्या इंडियन लोकायले एका पंगतीत बसवलं ना, ताई,” ते म्हणाले आणि खळखळून हसले.

“मग रविवारी तुम्ही पुसता ते देव कुठले?” मी विचारलं.

“देव कायचे? पाटी हाय ते. दारावरची.”

काका इंजिनियर झाले तेव्हा त्यांच्या वडिलांनी अकोल्याच्या बाजारातून पितळेची पाटी कोरून आणली होती. काकांचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि खाली पदवी. ती कधी लागलीच नाही. साइटवरच्या पत्र्याच्या खोलीला पाटी कोण लावतं? पुण्यात बायकोसाठी भाड्याचं घर घेतलं तर मालक म्हणाला, राहा खुशाल, पण पाटी लावू नका, सोसायटीत चर्चा होते. मुलीच्या मैत्रिणींच्या दारांवर पाट्या होत्या. गेल्या महिन्यात तिने फोनवर विचारलं होतं, “बाबा, तिकडे आपली पाटी लागेल का?” काकांनी सांगितलं होतं, लागेल.

“उद्या चाबी भेटते,” ते म्हणाले. “पयले पाटी लावतो, मंग पडदे.”

आणि मला माझं ‘शुद्ध शाकाहारी’ आठवलं. माशाचा घास तोंडातच राहिला. मी त्यांना सगळं सांगितलं. बाईंनी काय विचारलं, मी काय उत्तर दिलं.

काकांनी पेपर नॅपकिनने एकेक बोट पुसलं.

“विचारलं होतं म्हणता?”

“मला विचारलं होतं. तुम्हाला नाही. काका, त्या दोन वर्षं येणारसुद्धा नाहीत. कोणाला कळणार आहे?”

“पोरीले कळंल ना. आईनं खिडक्या लावून सुकट भाजली की कळते पोरायले. पुण्यात कळते तिले.”

त्यांनी तिथूनच फोन लावला. पुन्हा ते स्वच्छ मराठी. “नमस्कार वहिनी. एक गैरसमज झालाय, तो दूर करायला फोन केला. आमच्या घरी मांसाहार होतो. हो. सुकी मासळीसुद्धा... हो.” मग थोडं थांबून त्यांनी आपलं आडनाव सांगितलं, सावकाश, एकदाच. “नाही, नाही, राग कसला. बरं. ठीक आहे.”

फोन ठेवून ते समुद्राकडे बघत बसले.

“काय म्हणाल्या?”

“तुमच्यात चालत असेल हो, म्हणाल्या.” ‘तुमच्यात’ हा शब्द त्यांनी जरा तोलून उच्चारला. “यजमानांशी बोलून कळवतो म्हणाल्या.”

‘कळवतो’ म्हणजे काय, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मला रडूच आलं. त्या बाईंचा राग आला, स्वतःचा आला आणि खरं सांगायचं तर काकांचाही आला; एक दिवस गप्प राहिला असता हा माणूस तर काय बिघडत होतं? त्यांनी माझं ताट पुढे सरकवलं.

“खा ताई. गार होऊन राहिला मासा.”

बाईंनी कळवलं नाही.

शुक्रवारी काकू आणि मुलगी आल्या त्या हॉस्टेलवरच. काकांनी दहा आणि अकरा नंबरचे पलंग घेऊन ठेवले होते. मुलीला दुमजली पलंग फार आवडला. वर चढून तिने जाहीर केलं, “मी अकरा नंबर!” काका खाली उभे राहून हसत होते. पण जरा वेळाने तिने वरून डोकं काढून विचारलं, “मग पाटी कुठे लावायची, बाबा?” काका म्हणाले, “लावू.” आणि बूट न घालताच बाहेर फुटपाथवर जाऊन उभे राहिले. त्यांना तसं उभं राहिलेलं मला बघवलं नाही.

दुसऱ्या दिवशी शनिवार. काका साइटवर गेले होते. काकू सकाळीच मुलीला घेऊन फिरून आल्या त्या डोळे विस्फारून. मागच्या गल्लीतच चिन्यांची सुक्या मासळीची दुकानं. पोतीच्या पोती फुटपाथवर मांडलेली, हरतऱ्हेचे सोडे, सुकट, बोंबील, आणि सुटाबुटातले लोक शेजारून खुशाल चाललेले.

“नाकाले रुमाल नाई लावत वो कोणी!” काकूंना ते खरंच वाटत नव्हतं. त्यांनी पसाभर सुकट आणली होती. मी नियम सांगायच्या आत शेगडी पेटली, सुकट भाजली गेली आणि कांदा, लसूण, घरचं तिखट त्यात पडलं.

वास जिना चढून वर गेला. वरून आंटीच्या सपाता वाजायला लागल्या. मी म्हणाले, झालं. आता आम्ही फुटपाथवर आणि या वेळी सामानासकट. काकू ओट्याशी आक्रसल्या. इतकी वर्षं खिडक्या लावून स्वयंपाक केलेली बाई ती. मुलगी आईच्या मागे सरकली.

आंटी दारात आली. नाक वर करून उभी राहिली. कोणाकडे न बघता थेट शेगडीपाशी गेली, झाकण उचललं आणि आत पाहिलं.

“हू कुकिंग?”

काकूंनी हात वर केला, शाळेत करतात तसा.

“यू फ्राय फर्स्ट, देन पुट ओनियन?” आंटीने विचारलं. मी मराठीत सांगितलं, काकूंनी मान हलवली. आंटीने कपाटातून वाटी घेतली, स्वतःच भात वाढला, वर सुकट घातली आणि उभ्या उभ्या खाल्ली. सावकाश. “माय मदर ऑल्सो लाइक धिस,” ती म्हणाली. “बट यू पुट मोअर चिली. गुड.”

“आंटी,” मी भीत भीत विचारलं, “स्मेल?”

“व्हॉट स्मेल?” आंटी माझ्यावरच खेकसली. “धिस वन फूड लाह!”

“काय म्हंते ते बाई?” काकूंनी विचारलं.

“वास कसला म्हणतात, काकू. हे तर जेवण आहे म्हणतात.”

काकूंनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या की रडत होत्या ते मला कळलं नाही.

संध्याकाळी काका आले तेव्हा आंटी काउंटरवर त्यांची वाट बघत होती. तिच्या थोरल्या बहिणीचा ‘पाया लेबार’ नावाच्या भागात फ्लॅट होता. बहीण वारल्यापासून बंद पडलेला. एजंटने आणलेले लोक तिला पसंत पडत नव्हते.

“यू कुक एव्हरी डे?” तिने विचारलं.

“एव्हरी डे,” काका म्हणाले. सवयीने पुढचंही सांगायला लागले, “मटन, फिश, ड्राय...”

“आय नो, आय नो.” तिने स्वयंपाकघरातल्या सुकटीच्या भांड्याकडे बोट दाखवलं. “धिस वन ऑल्सो कुक?”

“धिस वन ऑल्सो.”

“गुड. एम्प्टी हाउस, नो स्मेल. नॉट गुड.” तिने किल्ली काउंटरवर ठेवली. काकांनी रीतसर आपलं संपूर्ण नाव सांगायला सुरुवात केली, पण ते अर्ध्यावर असतानाच आंटीने हात हलवला. “टू लाँग. आय कॉल यू ट्वेल्व्ह.”

पाटी लावायला मी होते. सामान अजून दारात होतं, पडदे नव्हते, गॅस नव्हता. काकांनी साइटवरून ड्रिल आणलं होतं. बोगदे खणणारा माणूस, पण एका दाराला चार भोकं पाडायला त्याने तीनदा माप घेतलं. आंटी शेजारी उभी राहून कुरकुरत होती, “न्यू डोअर, मस्ट होल आह?” चौथा स्क्रू मुलीने पिळला. मग ती जिन्यापर्यंत चालत गेली आणि लांबून पाटी वाचत परत आली. पुन्हा गेली, पुन्हा वाचत आली. काका तिच्याकडे बघत दाराला टेकून उभे होते.

तिथे मी पुढे किती जेवणं जेवले त्याला गणती नाही. वरण-भात एकदाही झाला नाही. मी मुद्दाम मागितला तरी काका म्हणायचे, “ताई, ते नाव काढू नका.” दारं-खिडक्या सताड उघड्या असायच्या. मजल्यावरची एक मलय बाई वासावरून आज काय आहे ते ओळखायची आणि वाटी घेऊन यायची.

बोगदा पुरा झाला आणि काकांना कंपनीने दुसऱ्या देशात पाठवलं. या वेळी तिघंही एकत्र गेले. आंटीला विचारून फ्लॅट मी घेतला; माझी आई राहायला येणार होती. निघायच्या दिवशी काकांनी पाटी उतरवली, त्याच पांढऱ्या टॉवेलात गुंडाळली आणि मग वर्तमानपत्राचा एक कागद दारावर धरून भोकांच्या जागी पेन्सिलने खुणा केल्या. कागद घडी करून माझ्या हातात दिला.

“माप हाय,” म्हणाले. “लागलं तं असू द्या.”

पुढे त्यांचे फोन येत राहिले, मग कमी झाले, मग नंबर बदलले असावेत. ते हॉस्टेलही आता नाही. तिथे महागडी कॉफी मिळते. लॉकरच्या भिंतीशी उंच स्टुलं ठेवली आहेत. मी एकदा तिथे बसून आले. पण हिंगाच्या वासाने रस्त्यावर आलेली माणसं मी कोणाला सांगणार?

भोकं बुजवायला आंटी रंगारी पाठवणार होती. मी नको म्हणाले. त्या मापाचा कागद औरंगाबादला भावाकडे पाठवला. आई येताना पाटी घेऊन आली. माझं नाव, आडनाव, आणि मध्ये नुसता बी नाही. अक्षर न अक्षर कोरलेलं. आंटी पाहायला आली. तिने त्या लांबलचक ओळीकडे पाहिलं, मधल्या शब्दावर बोट ठेवलं आणि विचारलं, “धिस वन हू?”

तिने विचारलं, मी सांगितलं. भीमराव. माझे वडील.

मग स्क्रूड्रायव्हर घेतला. चारही स्क्रू त्याच भोकांत बसले.